पडद्यावर मिष्का, गळा तनुजाचा

उदगीरच्या चौबाऱ्याखालच्या गल्लीत संगमेश्वर आप्पांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. भात्याला भोक पडलं, सूर बसला, उंदरानं आतलं कापड कुरतडलं, की पाच-पन्नास गावांतली भजनी मंडळं आपली पेटी पोत्यात गुंडाळून आप्पांकडे आणतात. आप्पा ती मांडीवर घेतात, एकेक पितळी पत्ती बोटानं चाचपतात आणि कानशीनं घासतात. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. चाळीस वर्षं हेच काम. त्यांना दिसत नाही. नवव्या वर्षी गोवर निघाला, ताप डोळ्यांवर गेला आणि उजेड कायमचा विझला.

तरी आप्पांना पिक्चरचा भारी नाद. ते 'पिक्चर ऐकायला जातो' असं कधी म्हणत नाहीत, 'बघायला जातो' म्हणतात. शेजारी बायको रत्नम्मा बसते आणि हळू आवाजात पडद्यावरचं सांगत राहते. आता बाई जिना उतरली, आता त्यानं चिठ्ठी फाडली, लुगडं हिरवं हाय. एकदा कुणीतरी चेष्टेनं म्हणालं होतं, आंधळ्याच्या गायी देव राखतो, पण आंधळ्याला पिक्चर कोण दाखवतो? आप्पा म्हणाले, "बायको."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक हिंदी पिक्चर आला. हलकाफुलका, नाचगाण्यांचा. मिष्का नावाची पॉप गायिका त्यात पहिल्यांदाच हिरॉईन झाली होती. उदगीरच्या प्रत्येक रिक्षात आणि सलूनमध्ये तिचीच गाणी वाजत होती. आप्पांना ती फारशी पटली नव्हती, सगळा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट लागत होता. पण लातूरच्या नव्या थेटरात आवाज चांगला येतो असं ऐकलं होतं, म्हणून एका रविवारी दोघं सकाळच्या एसटीनं लातूरला गेले आणि बाराच्या खेळाला बसले.

पिक्चर मजेचा होता. एक गाणारी मुलगी, शेजारच्या इमारतीतला भांडखोर डॉक्टर, मध्ये एक हरवलेली मांजर. लोक खदखदून हसत होते. आप्पाही हसले. मध्यंतरानंतर इमारतीतली वीज गेली आणि मिष्का गच्चीवर येऊन बसली. साथीला एकटी गिटार. बाकीच्या गाण्यांसारखा धडधडाट इथं नव्हता. तिनं पहिली ओळ म्हटली तेव्हा आप्पांनी मान नुसती तिरकी केली. दुसऱ्या ओळीत कोमल गंधार आला, आणि त्यांनी रत्नम्माचं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या हातात रुतल्या.

"कोण गाऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मिष्काच की. तोंड हालून राहिलं तिचं."

"न्हाई," आप्पा म्हणाले.

त्यापुढचा पिक्चर त्यांच्या कानांवर पडलाच नाही. रत्नम्माला वाटलं, तब्येत बिघडली. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

तो गंधार आप्पांनी झोपेतही ओळखला असता. त्याची गोष्ट अशी. तनुजा नावाची एक मुलगी कंधारहून उदगीरला मावशीकडे अकरावी शिकायला आली होती. मावशीची खोली आप्पांच्या दुकानावरच होती. कॉलेज सुटलं की पोरगी जिना उतरायची आणि दुकानात येऊन बसायची. आप्पांनी तिला शिकवायला घेतलं ते स्वतःच्या गुरूच्या जुन्या पेटीवर. त्या पेटीचा कोमल गंधार केसभर उतरलेला होता. साऱ्या मुलखाच्या पेट्या सुरात लावणाऱ्या आप्पांनी तेवढी एक पत्ती कधी घासली नव्हती, कारण गुरूंनी ती तशीच वाजवली होती. दोन वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की पोरीच्या गळ्यातही गंधार तसाच, केसभर खाली बसला आहे. ते रागावले. स्वतःवर जास्त. दुसऱ्या पेटीवर घोटून घ्यायला लागले. तेव्हा तनुजा म्हणाली होती, "आप्पा, मला असाच गोड लागतो." आप्पांनी पुन्हा नीट ऐकलं आणि दुसरी पेटी बाजूला ठेवली. तो खरंच गोड होता.

पुढं ती मुंबईला गेली. एका शाळेत संगीत शिकवते, असं तिनं घरी सांगितलं होतं आणि आप्पांनाही. दिवाळीला न चुकता फोन करायची. सहा वर्षं झाली होती.

थेटराच्या बाहेर लोकांची मतं घेणं चाललं होतं. अंबरीश नावाचा एक तरुण कॉलेजात तासिकेवर शिकवायचा, ते सोडून त्यानं मोबाईलवर चॅनल काढलं होतं. दर शुक्रवारी-रविवारी तो थेटरच्या दारात माईक घेऊन उभा राहायचा. कॉलेजच्या मुली म्हणाल्या, मिष्का म्हणजे आमचा जीव, गच्चीवरचं गाणं ऐकून अंगावर काटा आला. एक गुरुजी म्हणाले, गोष्ट शोधून सापडत नाही, पण पोरं खूश आहेत ना, बस झालं. औशाहून आलेला एक जण म्हणाला, तीन तास थंड हवेत बसायला मिळालं, अजून काय पायजे. रत्नम्मासमोर माईक आला तेव्हा ती लाजत म्हणाली की नवरीचा शालू चांगला होता, पण मांजर शेवटी कुणाकडं राहिली ते दाखवलंच न्हाई.

मग अंबरीशचं लक्ष आप्पांच्या काळ्या चष्म्याकडे आणि हातातल्या काठीकडे गेलं. त्यानं जरा अडखळत विचारलं, "काका, तुम्ही पिक्चर... कसा वाटला?"

आप्पांच्या छातीत तासभर जे दाटून बसलं होतं ते एकदम बाहेर आलं. त्यात विचार नव्हता, फक्त अभिमान होता. माझी पोर एवढ्या मोठ्या पडद्यावर गाते आणि कुणाला माहीत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"पिक्चर चांगला हाय," ते म्हणाले. "पन गच्चीवरचं गानं त्या मिष्काचं न्हाई. ते आमच्या तनुजाचं हाय. कंधारची तनुजा. म्या शिकवलंय तिला. तो गंधार दुनियेत दुसऱ्या कुनाचा न्हाई."

कॉलेजच्या मुलींपैकी एक हसली. रत्नम्मानं आप्पांना कोपरानं ढोसलं, पण तोवर ते बोलून बसले होते.

तीन दिवसांत ते पाऊण मिनिट अख्ख्या महाराष्ट्रात फिरलं आणि तिथून मुंबईच्या पिक्चरवाल्यांपर्यंत पोचलं. आप्पांच्या फोनमध्ये लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आहे. यंत्राची बाई एकाच कोरड्या आवाजात सगळं वाचते. ती दुकानात वाचायला लागली. काका ग्रेट. आंधळ्यानं पिक्चर बघितला, आता बहिरा गाणं सांगेल. म्हातारा प्रसिद्धीसाठी करतो आहे. मी संगीत शिकलो आहे, काका बरोबर बोलत आहेत. याला आत टाका. आप्पा कानशी हातात धरून ऐकत राहिले. इतकी माणसं आपल्यावर इतकी चिडू शकतात, हे त्यांना साठ वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. चौथ्या दिवशी पिक्चर काढणाऱ्यांनी जाहीर केलं की सगळी गाणी मिष्कानंच गायली आहेत आणि एका अंध गृहस्थाच्या भासाला उत्तर द्यायची गरज नाही.

त्याच सकाळी तनुजाचा फोन आला.

आप्पांना वाटलं होतं, पोर आनंदानं रडेल. ती रडली नाही. अगदी हळू आवाजात, भिंतीला कान असल्यासारखी बोलली. शाळा वगैरे काही नव्हतं. मोठ्या गायकांना चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाणं म्हणून ठेवतं, ते काम ती सहा वर्षं करत होती. तिचा आवाज नंतर पुसायचा आणि मोठ्या माणसाचा भरायचा, अशी रीत. या वेळी मिष्काला ते गाणं पेललं नाही, म्हणून तिचाच आवाज ठेवला आणि तिच्याकडून कागदावर सही घेतली, की हे कधी कुठं बोलायचं नाही. आता स्टुडिओतून फोन आला होता, उद्यापासून येऊ नकोस म्हणून.

"आप्पा, नाव कशाला घेतलं माझं?" ती म्हणाली. "तुम्ही ओळखलं, एवढं मला फोन करून सांगितलं असतं तर मी जन्मभर पुरवलं असतं."

मग तिनं मागणं मागितलं. त्यांनी पुन्हा त्या चॅनलवर बोलावं आणि सांगावं की चूक झाली, तो आवाज तिचा नाही.

"खोटं बोलू?"

"माझ्यासाठी."

आप्पा दिवसभर जेवले नाहीत. कान खोटा पडला असं म्हणणं म्हणजे चाळीस वर्षांचा धंदा आपल्या हातानं बुडवणं. रत्नम्मा म्हणाली, धंदा जाऊ दे, पोरीची भाकरी तुमच्या तोंडानं गेली, ती तोंडानंच परत आणा. दुसऱ्या दिवशी अंबरीश लातूरहून दुकानात आला. आप्पांनी चूक कबूल केली. अंबरीशला ते खरं वाटेना. तो म्हणाला, काका, त्या दिवशी तर तुम्ही छाती ठोकून बोलत होता, मग आता कशावरून म्हणता? आप्पा कोंडीत सापडले. खोट्याला आधार लागतो. तो त्यांनी शोधला आणि जो हाताला लागला तो दिला.

"आमच्या पोरीचा गळा एवढा तयार न्हाई," ते म्हणाले. "ती साधी गाती. पडद्यावरची बाई तिच्याहून लई वर हाय."

लोकांनी आप्पांची मनसोक्त चेष्टा केली. उदगीरच्या दोन मंडळांनी दुरुस्तीला आणलेल्या पेट्या काही न बोलता परत नेल्या. आप्पांनी ते सोसलं. पोरीचं काम वाचलं असेल, ही एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली. तनुजाचा फोन मात्र आला नाही. त्यांनी केला तर उचलला नाही.

आठवड्यानं दुकानाच्या पायरीवर जड वहाणांचा आवाज आला. कंधारहून रामलिंगराव आले होते, तनुजाचे वडील. शेती करणारा माणूस, कमी बोलणारा. त्यांच्या गावात दोन्ही व्हिडिओ पोचले होते. लोक त्यांना विचारत होते आणि त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. ते पाणीही प्यायले नाहीत.

"मास्तर, दोन्हीतलं खरं कोनतं, तेवढं सांगा."

आप्पांनी एकदा जीभ पोळून घेतली होती. सांगावं तर पोरीचा विश्वास मोडतो, न सांगावं तर बापाशी खोटं. रामलिंगराव तसेच उभे होते. शेवटी आप्पांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, शाळा नसल्याचंही.

रामलिंगराव खाली बसले. मग म्हणाले की त्यांनी तो पिक्चर बघितला होता. पहिला व्हिडिओ आल्यावर दुसऱ्याच दिवशी, कुणाला न सांगता, नांदेडला जाऊन. लेकीचा आवाज ऐकायला म्हणून गेले. गच्चीवरचं गाणं आलं, संपलं. त्यांना तो आवाज परक्याच बाईचा वाटला. म्हणून दुसरा व्हिडिओ आल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

"बाप हाय मी तिचा," ते म्हणाले. "मला वळखू आला न्हाई. तुमाला डोळे न्हाईत अन् तुमाला वळखू आला."

आप्पांनी हात पुढं केला, तो रामलिंगरावांच्या गुडघ्याला लागला, आणि त्यांनी तो तिथंच ठेवला.

रामलिंगरावांनी तिथूनच लेकीला फोन लावला. बापाचा फोन तिनं उचलला. ते एवढंच म्हणाले की मी मास्तरांच्या दुकानात बसलोय, मला सगळं समजलंय, तू ये. ती तिसऱ्या दिवशी आली, तोवर रामलिंगराव उदगीरलाच राहिले. मुंबईहून लातूरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून एसटीनं, थेट दुकानात. बापाच्या पाया पडली, रत्नम्माच्या गळ्यात पडली. मग आप्पांच्या समोर येऊन बसली.

आप्पा म्हणाले, "काम ऱ्हायलं का?"

"नाही. तेव्हाच गेलं होतं."

"मग मी म्हनलेलं वायाच गेलं."

"वाया गेलं असतं तर बरं झालं असतं," तनुजा म्हणाली. "मीच सांगितलं होतं तुम्हाला खोटं बोलायला. पण तुम्ही म्हणालात, तिचा गळा एवढा तयार नाही. आप्पा, सहा वर्षं माझा आवाज पुसत आले लोक. मला कधी काही वाटलं नाही, कारण उदगीरला एक माणूस आहे ज्याला तो ठाऊक आहे. त्या दिवशी तुम्हीही पुसलात."

आप्पांनी खूप टीका ऐकली होती त्या पंधरा दिवसांत, यंत्राच्या बाईनं वाचलेली. त्यातल्या एकाही वाक्यानं एवढा घाव घातला नव्हता. त्यांनी खरं बोलताना विचार केला नव्हता, म्हणून पोरीचं काम गेलं. खोटं मात्र ते दिवसभर विचार करून बोलले होते, आणि लागलं तेच जास्त. ते काळ्या चष्म्याआड रडायला लागले. रत्नम्मानं बावीस वर्षांनी, म्हणजे सासूच्या मरणानंतर, पहिल्यांदाच त्यांना असं रडताना बघितलं. ती पदर घेऊन पुढं आली, पण तनुजानं आधीच त्यांचे हात धरले होते.

पुढचं सुचवलं रामलिंगरावांनी. ते म्हणाले, कागदावर सही केलीय, बोलायचं न्हाई. मग बोलू नगं. पन गायचं न्हाई असं तर लिहिलेलं न्हाई ना?

तनुजा बापाकडे बघतच राहिली. शेतीच्या नोटिसा आणि सातबारे वाचून वाचून या माणसाला कागदातली फट नेमकी दिसली होती.

अंबरीशला फोन गेला. तो संध्याकाळी पाचच्या आत हजर झाला. दुकानातल्या पेट्या बाजूला सारल्या, गुरूंची जुनी पेटी मधोमध ठेवली. तनुजा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली की माझं नाव तनुजा रामलिंग, गाव कंधार, पिक्चरबद्दल मला काही बोलायचं नाही. आणि तिनं गच्चीवरचं गाणं म्हटलं. गिटार नाही, पडदा नाही. आप्पा पेटी धरून होते. गल्लीतली माणसं दाराशी जमली, किराणा दुकानातला दिवाणजी तराजू तसाच सोडून आला. दुसऱ्या ओळीतला गंधार आला तेव्हा रामलिंगरावांनी मान खाली घातली. या वेळी त्यांना ओळखू आला. गाणं संपल्यावर अंबरीश माईक पुढं करायचा विसरला.

आप्पांना वाटलं, आता झालं. आता ऐकणाऱ्याला कान असतील तर शंका उरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहा घेऊन फोनभोवती बसले आणि यंत्राच्या बाईला वाचायला लावलं. काहींनी हात जोडले होते. काहींनी मिष्काला शिव्या घातल्या होत्या, त्या तनुजाला आवडल्या नाहीत. ती म्हणाली, त्या बिचारीनं काही केलं नाही, तिलाही जे सांगितलं ते तिनं केलं. पण सगळ्यात जास्त लोकांनी लिहिलं होतं ते वेगळंच होतं. बाईनं कोरडेपणानं वाचलं, ताई, मिष्काची नक्कल छान करता. मग पुन्हा, नक्कल बरी आहे पण मिष्काची सर नाही. मग आणखी एक, आवाज जुळतो, पण ओरिजिनल ते ओरिजिनल.

रत्नम्माच्या हातातली बशी कलंडली. आप्पांना आधी कळेचना की हे कुणाविषयी आहे. कळलं तेव्हा त्यांनी फोन उलटा ठेवला. रामलिंगराव उठून दाराबाहेर गेले आणि पुन्हा आत आले.

तनुजा मात्र हसली. आधी जरा, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, आप्पा, आता माझी भीती गेली. मी खरं गायले तरी लोकांना खोटं वाटतं, मग कागदाला कशाला घाबरायचं? पाणी नाकाशी येईपर्यंत माणूस भितो, नाकावरून पाणी गेलं की पोहायला लागतो, असं काहीसं ती बोलत होती. तिच्या बोलण्याचा पूर्ण अर्थ आप्पांना लागला नाही, पण आवाज मोकळा झाल्याचं त्यांना कळलं.

पिक्चर काढणाऱ्या कंपनीकडून सहीची आठवण देणारं एक पत्र आलं, त्याला रामलिंगरावांच्या ओळखीच्या वकिलानं चार ओळींचं उत्तर दिलं. पुढं काही आलं नाही. ते गाणं आजही मिष्काच्याच नावावर वाजतं. तनुजा मुंबईला परत गेली नाही. लातूरला एक खोली घेऊन ती मुलांना गाणं शिकवते. दसऱ्याच्या सुमारास कोल्हापूरच्या एका संगीतकारानं तिला बोलावलं. त्यानं तो दुकानातला व्हिडिओ बघितला होता. त्यानं पडद्यावर तुझं नाव देईन असं आधी सांगितलं, मग चाल ऐकवली. पिक्चर लहान आहे, कधी लागेल ते नक्की नाही.

दर अमावस्येला ती उदगीरला येते. आप्पांनी तिच्याजवळ त्या खोट्याबद्दल पुन्हा एकदा शब्द काढला, तेव्हा तिनं त्यांना मध्येच थांबवलं आणि म्हणाली की देवणीच्या मंडळाची पेटी चार दिवस पडून आहे, तिचा भाता आधी बघा. आप्पांनी पेटी मांडीवर ओढली.